पेपरातली बस

गोपाळ सरांनी खोडरबर टेबलावर आपटलं. ते उसळून खाली पडलं, फरशीवरून उड्या घेत गेलं आणि शोकेसच्या पायाला टेकून थांबलं.

ऋतुजा त्याच्याकडे शेवटपर्यंत बघत होती. "बघा सर," ती म्हणाली, "ह्याच्यातपण एकसमान काय नव्हतं."

"उचल ते."

तिनं उचललं, ओढणीला पुसलं आणि वहीशेजारी नीट ठेवलं. सरांनी चष्मा काढून नाकावरचे वळ चोळले. चौतीस वर्षं पेणच्या एका शाळेत त्यांनी विज्ञान शिकवलं होतं आणि निवृत्तीनंतरची अकरा वर्षं रामवाडीतल्या या बाहेरच्या खोलीत ते शिकवत होते. एवढ्या काळात त्वरणाचं नाव काढताच जांभया देणारी पोरं त्यांनी पाहिली, सूत्र उलटं लिहिणारी पाहिली, किलोमीटरला सेकंदांऐवजी त्या दिवसाच्या तारखेनं भागणारा एक महाभागही पाहिला. त्यांतल्या कुणाचाच त्यांना कधी राग आला नव्हता. पण सूत्र पाठ, आकडेमोड चोख, आणि तरी उत्तर लिहायला तयार नाही, अशी पोर त्यांच्या दारात पहिल्यांदाच आली होती.

"परत वाच गणित."

ऋतुजानं वाचलं. "एक बस स्थिर अवस्थेतून निघते. एकसमान त्वरणाने जाऊन दहा सेकंदांत तिचा वेग वीस मीटर प्रति सेकंद होतो. तर बसचे त्वरण व तिने कापलेले अंतर काढा."

"त्वरण किती?"

"आकड्यानं दोन येतं. पण कुठली बस, सर?"

सरांनी पेनाला टोपण लावलं.

"वीस मीटर म्हणजे तासाला बहात्तर किलोमीटर झाले. मी काल घरी काढलं. आपल्या डेपोतली गाडी दहा सेकंदांत बहात्तरला जाते? दहा सेकंदांत ती गेटच्या भायेर पण येत नाय."

"ही पुस्तकातली बस आहे."

"चालवतो कोण?"

आतून सुहासिनीबाईंचा आवाज आला, "अहो, सकाळची गोळी घेतलीत का?"

"घेतली!" सर ओरडले, आणि ओरडल्याबद्दल स्वतःवरच चिडून खुर्ची पुढे ओढून बसले. "हे बघ. शांतपणे. एकसमान त्वरण म्हणजे काय? दर सेकंदाला वेगात सारखीच भर. पहिल्या सेकंदाला दोन, दुसऱ्याला दोन, तिसऱ्याला दोन. कळलं?"

"ते कळलं."

"मग अंतर काढ. शंभर मीटर. लिही आणि मोकळी हो."

"पण सर, बस पहिल्या गिअरला रेंगाळली आणि शेवटी शेवटी पळाली, तर शंभर नाय होणार. साठच होतील. आणि सुरुवातीलाच उसळली तर शंभराच्या वर जातील. दोन्ही टायमाला दहाव्या सेकंदाला वेग वीसच. मग शंभर कसे लिहू?"

सरांनी टोपण काढलं, पुन्हा लावलं. मुद्दा बिनचूक होता. आजवर कुठल्याच वर्गात कुणी तो काढला नव्हता, आणि आता काढला होता तो नववी नापास झालेल्या मुलीनं.

तिचा वार्षिक परीक्षेचा पेपर त्यांनी शाळेतून मागवून पाहिला होता. पाच मार्कांच्या प्रश्नाखाली सुरेख अक्षरात तीन ओळी होत्या: 'बसला गिअर असतात. गिअर बदलताना जोर तुटतो. म्हणून त्वरण एकसमान राहत नाही व अंतर काढता येणार नाही.' शेजारी तपासणाऱ्या बाईंनी काढलेलं लाल शून्य चांगलं पेरूएवढं होतं. ऋतुजा चार मार्कांनी गेली होती. फेरपरीक्षा सोमवारी होती, आणि आज गुरुवार.

तिला इथं पहिल्यांदा आणून सोडताना तिचा बाप, धनेश, दारातच उभा राहून बोलला होता. "सर, ही एवढी पास व्हायला पायजे. नायतर मालू ऐकायची नाय. ती बोलते, पोरीचा हात आखणीला बसलाय, आता पुन्हा नववीत वर्ष कशाला घालवायचं?" आखणी म्हणजे गणपतीचे डोळे रंगवायचं काम. हमरापूरला त्यांच्या घरच्या कारखान्यात तिची आई मालू दिवसाला तीस-चाळीस मूर्तींना डोळे देई, आणि तिच्या शेजारी बसून ऋतुजा बाराव्या वर्षापासून बुबुळं भरत होती. सर तिथल्या मूर्ती पाहून आले होते. मालूचं म्हणणं खोटं नव्हतं. पोरीचा हात खरोखरच बसला होता.

पण विज्ञानाच्या पुस्तकाला तिनं निळ्या ताडपत्रीचं कव्हर घातलं होतं. मूर्तींवर घालतात त्याच ताडपत्रीचं, दुहेरी, कडा मेणबत्तीवर धरून चिकटवलेल्या.

"तुला शाळा सोडायची आहे का?" सरांनी विचारलं.

तिनं जोरात मान हलवली. "नाय सर."

"मग?"

"पण नाय होत ते होतं असं कसं लिहू?"

"अगं, ते धरून चालायचं असतं!"

"असं धरून चालायचं म्हटलं तर काय पण धरता येईल."

सरांनी वही मिटली.

साडेनऊला धनेश तिला न्यायला आला. उंच, किडकिडीत माणूस. तोही कधीकाळी सरांचाच विद्यार्थी होता. सुहासिनीबाईंनी दिलेला चहा त्यानं उंबऱ्याच्या आतच उभ्या उभ्या घेतला.

"उद्या रोह्याला खेप हाय, सर. साठ गणपती. तिथल्या वरसे गावच्या दुकानात टाकायचे. हिचा उद्याचा दिस बुडंल."

"बुडवू नकोस," सर म्हणाले. "आणि रस्त्याला तर हे एवढे खड्डे. मूर्ती जातात तरी कशा?"

"खड्ड्याचं काय नसतं, सर. खड्डा दिसतो. मूर्ती मोडते ती गाडी उचलताना. पाय जरा कमी-जास्त झाला की मागं हात नायतर सोंड गेलीच." त्यानं कपबशी खाली ठेवली. "चौदा वर्षांत माझी एक सोंड गेली नाय. गाडी अशी उचलतो की पेंढ्यातली काडी हलायची नाय. पयल्यापासून चाळीसपर्यंत एकसारखी."

सरांची खुर्ची मागं सरकली. "काय म्हणालास?"

"एकसारखी उचलतो म्हणलं."

सरांनी ऋतुजाकडे पाहिलं. ती वह्या पिशवीत भरता भरता थांबली होती.

"उद्या मी येतो तुमच्याबरोबर," सर म्हणाले. "मोजूच आपण. दर पाच सेकंदांनी वेग लिहायचा. आलेख काढायचा. सरळ रेषा आली, तर सोमवारी हे गणित सोडवायचं. बोल."

"आणि नाय आली तर?"

"आली नाही तर मी मालूला येऊन सांगेन, की आखणीच बरी."

"सर," धनेश अवघडून म्हणाला, "आमच्या गाडीत ते..."

"काय?"

"शीट फाटलेलं हाय, सर," ऋतुजा मध्येच म्हणाली. "चालेल ना तुम्हाला?"

*

शुक्रवारी सकाळी टेम्पो रामवाडीत आला तेव्हा पावसानं उघडीप दिली होती. मागच्या हौद्यात पेंढ्याच्या गाद्यांवर साठ गणपती पाठीला पाठ लावून बसवलेले, वरून ताडपत्री. सुहासिनीबाईंनी सरांच्या मोबाइलवर सेकंद मोजायचं घड्याळ उघडून दिलं आणि गुडघ्यांवर टाकायला शाल दिली. सर खिडकीशी बसले, मध्ये ऋतुजा, आणि चाकावर धनेश. सीट खरंच फाटलेली होती.

बसता बसता सरांचं लक्ष धनेशच्या पायांकडे गेलं. तो अनवाणी होता. चपला सीटखाली सारलेल्या होत्या.

"हे कशाला?"

"मागं देव बसलाय ना, सर," धनेश म्हणाला. मग थोडं थांबून, "आन् पायाला कळतं पण बरं. चपलेत नाय कळत."

गावाबाहेर हमरस्त्याचा काँक्रीटचा सरळ पट्टा लागला. धनेशनं गाडी कडेला घेऊन पूर्ण थांबवली. सरांनी मोबाइल दोन्ही हातांत डोळ्यांजवळ धरला. उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू अजून काढायचा होता.

"मी 'हां' म्हणेन. तू वेग सांगायचा आणि लिहायचा. दुसरीकडे बघायचं नाही."

"व्हय सर."

"चल धनेश."

गाडी निघाली. निघाली कधी ते सरांना कळलं नाही. बाहेरचा खांब मागं जायला लागला तेव्हा कळलं.

"हां!"

"पाच."

"हां!"

"दहा."

"हां!"

"चौदा," ऋतुजा म्हणाली. तिनं मान थोडी खाली घातली होती आणि पेन्सिल वहीवर टेकवून ठेवली होती. धनेशनं एकदा तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा रस्त्याकडे.

"हां!"

"वीस." मग पंचवीस, एकोणतीस, पस्तीस, चाळीस. चाळीस सेकंद झाले तेव्हा सरांच्या मांडीवरची शाल होती तिथंच होती.

असं त्यांनी तीनदा केलं. मागून येणारा एक ट्रेलर त्यांना वळसा घालून गेला आणि त्याच्या क्लीनरनं खिडकीतून डोकं काढून विचारलं, "काय ओ, ढकलू का?" धनेश हसला. सर हसले नाहीत, ते आकडे ऐकत होते. तिन्ही वेळा जवळजवळ तेच. चौतीस वर्षं जी गोष्ट त्यांनी फळ्यावर शिकवली ती त्यांच्या बुडाखाली घडत होती, आणि एक नववी नापास पोर ती स्वतःच्या हातानं लिहून घेत होती.

नागोठण्याला चहाला थांबले. टपरीवर गरम भजी होती. धनेश एकदम खुशीत आला.

"सर, आठवतं? आमच्या टायमाला प्रयोगशाळेत ती छोटी गाडी होती, उतरत्या फळीवरून सोडायची. तिची चाकंच फिरायची नाय."

"गंजली होती ती."

"व्हय. मग तुम्ही आकडे फळ्यावर लिवून द्यायचात, आन् आमी सगळे जर्नलात उतरवायचो. अख्ख्या वर्गाचं उत्तर एकच!" तो मनापासून हसला. "पण रेघ काय सरळ यायची, सर! पट्टी लावल्यावानी."

ऋतुजानं भजी खाता खाता सरांकडे पाहिलं. सर चहावर फुंकर घालत राहिले. चहा केव्हाच निवला होता.

वरशाला पोचल्यावर धनेश आणि दुकानाचा माणूस मूर्ती उतरवायला लागले. सरांनी तिथल्याच एका रिकाम्या फळीवर आलेखाचा कागद पसरला आणि तिला बिंदू मांडायला लावले. ती मांडत गेली आणि सरांचा चेहरा उजळत गेला. शून्यापासून निघालेले ठिपके एकामागून एक रांगेत वर चढत होते. फक्त दोन ठिपके किंचित खाली होते, पंधराव्या सेकंदाचा आणि तिसाव्या सेकंदाचा.

"सर, हे दोन..."

"असू दे गं. प्रयोगात एवढं चालायचंच." सरांनी पट्टी ठेवून रेघ मारलीदेखील. "बघ! बघ ही रेषा! आता बोल. आहे की नाही एकसमान? सोमवारी लिहिशील?"

ऋतुजानं रेघेकडे पाहिलं, मग सरांकडे.

"लिहीन," ती म्हणाली.

चार दिवस जिच्याशी डोकं फोडलं तिनं एका शब्दात मान्य केलं होतं. सरांना आनंद व्हायला हवा होता. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि दुकानदाराकडे पाणी मागितलं.

*

परतताना ऋतुजानं खिडकी मागितली. पहाटे चार वाजल्यापासून ती आईबरोबर शेवटच्या मूर्तींना डोळे भरत बसली होती. रोह्यातून बाहेर पडेपर्यंत तिचं डोकं काचेला टेकलं. त्यामुळे सर मध्ये आले. गुडघे गिअरच्या दांड्याला लागू नयेत म्हणून त्यांना तिरकं बसावं लागलं, धनेशच्या अंगावर कलून.

धनेशनं आता चपला घातल्या होत्या. गाडी रिकामी होती आणि तशीच पळत होती. गिअर पडला की हिसका, हौद्यातल्या दोऱ्या आणि फळ्या खडखड वाजत. निडीचा फाटा मागं पडला. सर घड्याळ बघायचं म्हणून खाली वाकले, तर चाकाच्या आडून वेगाची तबकडी दिसली.

काटा शून्यावर होता.

सरांनी बाहेर पाहिलं. झाडं मागं पळत होती. पुन्हा तबकडीकडे पाहिलं. काटा शून्यावर निवांत पडून होता आणि त्याच्या टोकाशी कोळ्यानं जाळं विणलं होतं.

"धनेश."

"व्हय सर."

"काटा बंद आहे."

"व्हय."

"कधीपासून?"

"शिमग्याच्या अगोदरपासून. केबल तुटली हाय." धनेशनं आवाज उतरवला. "मी काल बोलणार व्हतो, सर. पोर शीटचं बोलली."

सरांनी खिशातून कागद काढला आणि उलगडला. शून्य, पाच, दहा. ठिपके शाळेच्या रांगेसारखे उभे होते. पट्टी लावल्यावानी. चार दिवस ते तिला म्हणत होते, धरून चाल, धरून चाल. आता तिनं धरून चालून दाखवलं होतं. म्हाताऱ्याला सरळ रेघ हवी होती, तिनं ती दिली होती, तीही तीन वेळा. पेपरात न होणारी गोष्ट होते असं लिहायला जी मुलगी वर्ष घालवायला तयार होती, तिच्याकडून एवढं करून घ्यायला त्यांना गुरुवार ते शुक्रवार पुरले होते.

खिडकीशी तिचं डोकं काचेवर हलकं आपटत होतं. सरांनी शालीची घडी करून मध्ये सारली. ती हलली नाही.

त्यांनी कागदाची घडी करायला घेतली आणि केली नाही. त्यांची नजर पुन्हा पुन्हा त्या दोन खालच्या ठिपक्यांवर जात होती. पंधरावा सेकंद, तिसावा सेकंद. त्यांनी वही काढून दुसऱ्या फेरीचे आकडे पाहिले: पंधराव्याला चौदा, तिसाव्याला एकोणतीस. तिसऱ्या फेरीत पंधराव्याला चौदा, आणि तिसाव्याला अठ्ठावीस लिहून, खोडून, एकोणतीस.

"धनेश, गणपती असताना दुसरा गिअर कितीला टाकतोस?"

"चौदा-पंधराला."

"आणि तिसरा?"

"तिसाच्या आत." धनेशनं रस्त्यावरून नजर काढून त्यांच्याकडे पाहिलं. "का?"

फळ्यावर आकडे लिहून देताना सरांनी एकदाही रेघेखाली ठिपका टाकला नव्हता. कशाला टाकतील? रचणारा माणूस सरळ आकडे रचतो. गिअर पडताना जोर तुटतो हे त्याच्या ध्यानीही येत नाही.

"ऋतुजा."

त्यांनी पुन्हा, थोडं मोठ्यानं विचारलं.

"ऋतुजा, आता वेग किती आहे?"

तिनं डोळे उघडले नाहीत. थोडा वेळ फक्त इंजिनाचा आवाज आला.

"बेचाळीस," ती म्हणाली.

सर एकदम पुढे सरकले. रस्त्याच्या कडेला एक पांढरा दगड येत होता, त्याच्यावर 'नागोठणे ७' असं काळ्या अक्षरात रंगवलेलं होतं.

"धनेश, हा वेग हलवू नकोस. पुढच्या दगडापर्यंत. आहे तसाच धर."

धनेशनं कशासाठी म्हणून विचारलं नाही. त्यानं आधी डाव्या, मग उजव्या पायातली चप्पल टाचेनं काढून मागं सारली आणि उघडा पाय पेडलवर ठेवला. दगड खिडकीशी आला तेव्हा सरांनी मोबाइलवर अंगठा दाबला.

खडखड कमी झाली. रस्त्यावर एक म्हैस होती, ती सुदैवानं कडेनं गेली. एक स्कूटरवाला मागून हॉर्न देत राहिला, शेवटी शिवी घालून पुढे गेला. धनेशचा पाय हलला नाही. सर आकडे पळताना बघत होते. सत्तर. ऐंशी. मग कुंपणाच्या आडून दुसरा दगड पुढे आला, 'नागोठणे ६', आणि त्यांनी अंगठा दाबला.

शहाऐंशी सेकंद.

आलेखाच्या समासातच त्यांनी भागाकार मांडला. छत्तीसशे भागिले शहाऐंशी. एकेचाळीस पूर्णांक शहाऐंशी शतांश. तो त्यांनी खात्रीसाठी दुसऱ्यांदा केला, कारण पहिल्यांदा अक्षर हललं होतं.

"ह्याच शिटवर वाढलीय ती," धनेश रस्त्यावरची नजर न हलवता म्हणाला. "चार वर्षांची असल्यापासून. डोळे मिटून बसते आन् सांगते, बाबा, पन्नासच्या वर गेलास. तवा काटा चालत व्हता. बघायचो तर खरंच एक्कावन्न असायचे."

सरांनी त्या भागाकाराखाली दुहेरी रेघ ओढली.

"काटा बंद आहे हे मला का नाही सांगितलंस?" त्यांनी खिडकीकडे पाहून विचारलं. आवाज त्यांना हवा तेवढा कडक आला नाही.

"तुम्ही वेग इचारलात, सर." ऋतुजानं शाल गालाखाली नीट घेतली. "काट्याचं नाय इचारलं. आणि सांगितलं असतं तर आला असतात?"

"नसतो आलो."

"मग."

"आणि हे दोन ठिपके गिअरचे आहेत, हे तरी सांगायचं होतंस!"

"सांगतच होती. तुम्ही रेघ मारत होतात."

धनेशला खोकला आला. तो बराच वेळ टिकला.

सरांनी तिच्या पिशवीतून खोडरबर काढलं. कागद मांडीवर दाबून धरला आणि आपण मारलेली रेघ पंधराव्या सेकंदापाशी आणि तिसाव्या सेकंदापाशी काळजीपूर्वक खोडली. तिथं पेन्सिलीनं लहानसा खळगा काढून दोन्ही ठिपके रेघेत घेतले. उरलेली रेघ तशीच ठेवली. ती तशीच ठेवण्याजोगी होती.

आता सोमवारचं काय, हा प्रश्न त्यांनी तीनदा मनात जुळवला आणि तीनदा सोडला. पोरीनं दुकानात 'लिहीन' म्हटलं होतं ते त्यांच्या चेहऱ्याकडे बघून, कागदाकडे बघून नव्हे, हे त्यांना आता कळत होतं. नागोठण्याची घरं दिसायला लागली.

"सर."

"हं."

"बसला गिअर असतातच. त्याला काय इलाज नाय. पण बाबासारखा कोणी असला, तर जवळजवळ येतं एकसमान. शंभरच्या जागी अठ्ठ्याण्णव-नव्व्याण्णव येतील." ती डोळे उघडून समोरच्या काचेकडे बघत होती. "पेपरातल्या बसचा डायवर अनवाणी हाय, असं धरलं तर?"

सरांनी कागदाची घडी घातली.

"धर," ते म्हणाले. मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे तिच्याकडे वळले. "पण ते पेपरात लिहायचं नाही हं! नुसतं शंभर मीटर लिहायचं. ऐकतेस ना? ऋतुजा?"

तिनं पुन्हा डोळे मिटले होते.

धनेशनं पाय चपलेत सरकवले आणि गिअर बदलला. गाडीनं हिसका दिला, तिघंही एकदा पुढे झुकले, आणि सर दोन्ही हातांनी तो कागद छातीशी धरून पुन्हा विचारायला लागले.